दाब कुणी सांभाळायचा?

हा वाद दोन माणसांचा आहे. एकाची उमर भोसरीच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून तो ओळखीच्या एका गॅरेजात येऊन बसतो. तिथे सगळे त्याला काका म्हणतात. दुसरा तिशीच्या आतला ट्यूनर. लॅपटॉप जोडून ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, मॅप बदलणं हा त्याचा धंदा. दोघांच्या मधे गाडी उभी आहे: अठराशे सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, 180 हॉर्सपॉवर, डिकीत पाण्याची टाकी आणि टाकीशेजारी 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप.

इंजिनात पाणी मारावं, यावर दोघांचं एकमत आहे. भांडण पंपाच्या दाबावरून आहे. काकांचं म्हणणं, दाब एका आकड्यावर बांधून ठेवा आणि पाणी मोजायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. ट्यूनरचं म्हणणं, बूस्टप्रमाणे, म्हणजे टर्बो हवा जितकी दाबेल त्याप्रमाणे, पंपच हळू-जोरात पळवा, वेगळा मोजणारा हवाच कशाला? ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण फुल बूस्टला पिस्टन शाबूत राहतो की नाही, ते अशाच किरकोळ फरकांवर ठरतं, म्हणून हा संवाद जरा सविस्तर लिहितो.

आधी पाणी कशासाठी, ते. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. इंटरकूलर तिला गार करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा गार काही करू शकत नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवाच चाळिशीला टेकलेली असते. अशी गरम, दाट हवा सिलिंडरमध्ये गेली की ठिणगीपासून निघालेली ज्वाळा पोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप पेट घेतं. त्याला नॉकिंग म्हणतात. सेन्सरला ते जाणवलं की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो आणि गाडीची ताकद जाते. पाण्याचा उपयोग इथे आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण 2.4 किलोज्यूल उष्णता ओढली जाते. पेट्रोलच्या मानाने ही जवळपास सातपट आहे. युक्ती जुनीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पी-47 थंडरबोल्टच्या इंजिनात पाणी मारत, आणि जर्मन लढाऊ विमानांतल्या एमडब्ल्यू 50 या मिश्रणात पाणी आणि मिथेनॉल निम्मं-निम्मं असे.

आता भांडणाकडे.

ट्यूनर : काका, हिशोब साधा आहे. पूर्ण जोरात असताना हे इंजिन मिनिटाला साधारण 900 सीसी पेट्रोल पितं. त्याच्या 15 टक्के पाणी धरलं तर 135 सीसी झालं. हे फुल बूस्टला. अर्ध्या बूस्टला एवढं पाणी मारलं तर जळणं मंदावतं, गाडी अडखळते. म्हणून कंट्रोलर बूस्ट वाचतो आणि पंपाची मोटर पीडब्ल्यूएमवर, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करत, चालवतो. बूस्ट कमी तर पंप हळू, बूस्ट जास्त तर पंप जोरात. एक पंप, एक नळी, एक नोझल. बिघडायला चौथी वस्तूच ठेवलेली नाही.

काका : पंप निम्म्या वेगाने फिरला तर पाणी किती जाईल?

ट्यूनर : निम्मं.

काका : आणि प्रेशर?

ट्यूनर : तेही निम्मंच ना?

काका : पाव. अरे, भोक तेच आहे. त्यातून निम्मं पाणी ढकलायला पाव प्रेशर पुरतं. 12 बारला 135 सीसी जात असेल तर 3 बारला साडेसदुसष्ट जाईल. आणि तुला पाव पाणी हवं असलं तर प्रेशर उरलं पाऊण बार. पाऊण बारला फवारा होतो का, ते तूच सांग.

हा वर्गमुळाचा नियम आहे: नोझलमधून जाणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. कागदावर तो सगळ्यांना पाठ असतो. पण किट बसवताना माणूस गेजच्या काट्याकडे बघतो आणि काटा निम्म्यावर आला म्हणजे पाणीही निम्मं झालं असं धरून चालतो. ते निम्मं झालेलं नसतं, सत्तर टक्के असतं.

ट्यूनर गप्प बसणारा नव्हता. त्याने नोझल गाडीतून काढून बाकावर शिकंज्यात धरलं, पंप बॅटरीला जोडला आणि समोर वीतभर अंतरावर काळा पत्रा धरला. 10 बारला नोझलच्या तोंडाशी पाणी असं दिसतच नव्हतं. शंकूच्या आकाराचं धुकं होतं, आणि पत्रा एकसारखा ओला, थेंब न ओघळता. त्याने दाब उतरवत आणला. 3 बारपर्यंत शंकू टिकला, कडेला थोडा विरळ झाला इतकंच. 1 बारच्या आसपास मात्र शंकू मिटला, मधे पाण्याची एक वाकडी तार उरली आणि पत्र्यावर ओघळ दिसायला लागले.

ट्यूनर : बघा. 3 बारला फवारा शाबूत आहे. आणि त्याच्याखाली मी जातच नाही. माझं पाणी सुरू होतं 0.6 बार बूस्टला, पूर्ण होतं 1.4 बारला. निम्मं ते पूर्ण एवढीच माझी रेंज. पाव पाणी मी कधी मागतच नाही, मग पाऊण बारचं भूत मला कशाला दाखवता?

मला हा मुद्दा पटला. चारपट दाबातून दुप्पट पाणी एवढंच मिळतं, पण रस्त्यावरच्या गाडीला दुपटीपेक्षा जास्त रेंज बहुतेक वेळा लागत नाही. शिवाय थेंबाच्या आकाराबद्दल लोक उगाच धास्तावतात. अशा नोझलमध्ये दाब दुप्पट केला की थेंब साधारण पाचव्या हिश्श्याने लहान होतो, एवढाच फरक. म्हणजे 10 बारवरून 20 बारवर जाऊन पदरात फार काही पडत नाही. नळ्यांचे जोड मात्र गळायला लागतात. खरा कडेलोट खालच्या टोकाला आहे, शंकू मिटतो तिथे.

काका : ठीक, 3 ते 12. पण तुझा हा पंप त्या रेंजमध्ये तुझं ऐकतो का? पंपावर काय लिहिलंय वाच. मोकळा सोडला तर मिनिटाला लिटरच्या वर पाणी टाकतो. तुझं नोझल पितं 135 सीसी. म्हणजे घोड्याला बकरीच्या दाव्याने बांधलंय. तू पंप हळू केलास तरी तो नोझलच्या मानाने जोरातच आहे. बाकीचं पाणी जातं कुठे?

ट्यूनर : पंपातच बायपास आहे. स्प्रिंग उघडते आणि पाणी आतल्या आत फिरतं.

काका : म्हणजे प्रेशर तुझा कंट्रोलर ठरवत नाही, ती स्प्रिंग ठरवते. बरोबर?

ट्यूनर : वरच्या टोकाला, हो.

काका : आणि खालच्या टोकाला मोटरला इतकी कमी वीज मिळते की ती प्रेशरविरुद्ध फिरतच नाही, नुसती गुरगुरते. मग तुझ्या हातात उरलं काय? मधला एक पट्टा. तो पट्टा बॅटरीच्या व्होल्टेजवर सरकतो, पंप गरम झाला की सरकतो, डायफ्रॅम जुना झाला की सरकतो.

इथे काकांची बाजू भक्कम आहे. त्यांच्या धंद्यात एक वाक्य नव्या पोराला पहिल्या आठवड्यात ऐकवतात: पंप दाब तयार करत नाही, तो फक्त पाणी पुढे ढकलतो, दाब तयार करतो तो समोरचा अडथळा. डायफ्रॅम पंपाला हे अक्षरशः लागू आहे. प्रत्येक फेरीला तो ठरावीक पाणी पुढे ढकलणारच. पुढचं तोंड बंद असेल तर दाब चढत जातो आणि तीनपैकी एक गोष्ट होते: बायपास उघडतो, प्रेशर स्विच मोटर तोडतो किंवा नळी सुटते.

प्रेशर स्विचचा खेळ आपल्याकडे शेतकऱ्याला ट्यूनरपेक्षा जास्त ठाऊक आहे. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात हाच प्रकार असतो: 12 व्होल्टची मोटर, डायफ्रॅम आणि दाब चढला की मोटर तोडणारा स्विच. हातातला खटका सोडला की पंप बंद होतो, थोडा दाबला की टक-टक करत सुरू-बंद होत राहतो. घरगुती वॉटर इंजेक्शन करणारे कित्येक हौशी हाच पंप उचलतात, कारण तो स्वस्त आणि कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो. लहान नोझल लावलं की तीच टक-टक इंजिनच्या नशिबी येते. स्विच एका दाबाला तोडतो आणि दाब बराच उतरल्यावर पुन्हा जोडतो, त्यामुळे फवारा झुलत राहतो. चालकाला ते कळत नाही, पण नॉक सेन्सरला कळतं. आणि पाण्यात मिथेनॉल मिसळायचं असेल तर तो पंप विसराच. त्याचं रबर त्या कामासाठी निवडलेलं नसतं. मिथेनॉल विषारी आहे, पेटलं तर दिवसाउजेडी ज्वाळा धड दिसत नाही, आणि गळती डिकीत झाली तर ती बंद जागेत होते.

काका : म्हणून म्हणतो, पंपाला मोकळेपणी पळू दे. पुढे टी टाक. एक फाटा नोझलकडे, दुसरा रेग्युलेटरमधून परत टाकीत. रेग्युलेटर 10 बारला लाव. पंप जास्तीचं पाणी आणेल, रेग्युलेटर ते परत पाठवेल, लाइनमध्ये 10 बार कायम. मग नोझलच्या तोंडाशी फास्ट सोलेनॉइड व्हॉल्व्ह लाव आणि तुझा पीडब्ल्यूएम त्याला दे. प्रेशर स्थिर असलं की व्हॉल्व्ह जितका वेळ उघडा तितकं पाणी, सरळ रेषेत. वर्गमुळाची कटकट नाही. प्रेसच्या हायड्रॉलिक पॉवरपॅकवर आम्ही दुसरं काय करायचो?

ट्यूनर : काका, तुमच्या पॉवरपॅकला तीन फेज मोटर होती आणि ती आठ तास चालायची. हा पंप थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला आहे. रिटर्न लाइनवर तो सतत पूर्ण भाराने पळणार, दहाएक अँपिअर ओढणार, स्वतः तापणार, टाकीतलं पाणी तापवणार. आणि तुम्ही आणखी एक टी, एक रेग्युलेटर, एक व्हॉल्व्ह वाढवलात. माझ्या तीन वस्तूंच्या तुमच्या सहा झाल्या.

काका : सतत कशाला? 0.3 बार बूस्ट आला की पंप सुरू, गेला की बंद.

ट्यूनर : मग दाब चढायला लागणारा वेळ तुम्हालाही लागलाच की! हा लहान टर्बो आहे, 2000 आरपीएमच्या आत बूस्ट उभा राहतो. पंप जागा होऊन लाइन भरेपर्यंत नॉकिंग होऊन गेलेलं असतं.

काका : लाइन भरायला वेळ लागतो तो हवेमुळे. नळीत हवा शिरली की ती आधी दाबली जाते, मग पाणी हलतं. व्हॉल्व्ह नोझलला चिकटून ठेव म्हणजे मधे रिकामी नळी उरत नाही. रेग्युलेटरच्या आधी पाणी मागे न सोडणारा एनआरव्ही, पुढे एक छोटा अॅक्युम्युलेटर. पंप बंद असला तरी लाइनमध्ये थोडं प्रेशर टिकतं, पहिला फवारा त्यावर निघतो. आणि डायफ्रॅमचे ठोकेही तोच गिळतो.

ट्यूनर : सहाच्या आठ झाल्या!

वस्तूंची ही मोजणी थट्टेची वाटली तरी खोटी नाही. प्रत्येक जोड ही गळण्याची एक जागा असते. पण काकांच्या बाजूने एक दाखला द्यावासा वाटतो. बीएमडब्ल्यूने 2016 मध्ये एम4 जीटीएस ही गाडी विकायला काढली. पाणी मारणारी रस्त्यावरची गाडी असं म्हटलं की हल्ली तिचंच नाव येतं. तिच्या डिकीत 5 लिटरची टाकी आहे, पंप साधारण 10 बारने पाणी पुढे पाठवतो, आणि ते इनटेक प्लेनममधल्या 3 इंजेक्टरमधून 6 सिलिंडरांना मिळतं. दाब राखण्याचं काम एकाकडे आणि मोजण्याचं दुसऱ्याकडे, म्हणजे काकांचीच मांडणी. इंजिन बंद केलं की नळ्यांतलं पाणी परत टाकीत ओढून घेतात, थंडीत गोठू नये म्हणून. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही. आपल्याकडे पाण्यातल्या क्षारांची भीती आहे. नोझलचं भोक मिलिमीटरच्या निम्म्याहून बारीक असतं. बोअरचं पाणी घालणाऱ्याला ते लवकरच कळतं. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर घालावं.

यानंतर वाद बूस्टच्या संदर्भावर आला, आणि इथे मला काकांपेक्षा ट्यूनर जास्त बरोबर वाटला.

काका : रेग्युलेटर साधा नको. त्याच्या स्प्रिंगच्या बाजूला मॅनिफोल्डची नळी लाव. नोझल मोकळ्या हवेत फवारत नाही, 1.4 बारच्या हवेत फवारतं. तेवढं प्रेशर उलट ढकलतंय. बूस्ट जितका वाढेल तितकं रेग्युलेटरने प्रेशर वाढवलं पाहिजे, एकास एक. पेट्रोलच्या जुन्या रेग्युलेटरला ती व्हॅक्यूमची नळी असायची ना, तीच गोष्ट.

ट्यूनर : पेट्रोलचा तो रेग्युलेटर 3 बारचा असायचा. 3 बारमधून 1.4 गेले तर निम्मं प्रेशर गेलं, तिथे नळी हवीच. तुम्ही 10 बार ठेवताय. दहातून 1.4 वजा केले, उरले 8.6. वर्गमूळ काढा. पाणी किती कमी झालं?

मी कागदावर मांडलं. सात टक्के. हाच पंप 4 बारला लावला असता तर उरले असते 2.6 आणि पाणी जवळपास वीस टक्क्यांनी घटलं असतं, तेही नेमकं जास्तीत जास्त गरज असताना. म्हणजे कमी दाबाच्या किटला बूस्टची नळी अत्यावश्यक आहे आणि 10 बारच्या किटला ती असली काय, नसली काय. सात टक्के मॅपमध्येच भरून काढता येतात.

ट्यूनर : मी व्हॉल्व्ह त्या हिशोबाने जास्त वेळ उघडा ठेवीन. नळी नको, नळीचा जोड नको.

काका : म्हणजे व्हॉल्व्ह घेतलास तर!

ट्यूनर : बोलण्याच्या ओघात गेलं.

दोघेही हसले. पण ट्यूनर अजून पंपाचा वेग सोडायला तयार नव्हता, आणि त्याचं कारण त्याने शेवटी काढलं. संपूर्ण वादात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच.

ट्यूनर : काका, समजा नोझल चोंदलं. तुमच्या लाइनमध्ये काय दिसेल?

काका : पाणी कमी जाईल.

ट्यूनर : गेजवर काय दिसेल?

काका : ...दहा.

ट्यूनर : दहाच! नोझलने घेतलं नाही ते पाणी तुमचा रेग्युलेटर गुपचूप टाकीत परत पाठवणार. गेज दहा, पंप चालू, दिवा हिरवा आणि इंजिनाला पाण्याचा थेंब नाही. तुमचा रेग्युलेटर जितका चांगला, तितकं तुमचं गेज आंधळं. माझ्याकडे नोझल चोंदलं तर पाण्याला जायला जागा नाही, प्रेशर उसळतं आणि माझा सेन्सर ते पकडतो.

काका : तुझी बायपासची स्प्रिंग उघडली की तुझंही उसळणं थांबतं.

ट्यूनर : थांबतं, पण नेहमीपेक्षा वर जाऊन थांबतं. तेवढं मला पुरतं.

काका लगेच काही बोलले नाहीत. हायड्रॉलिकमध्ये जॅक हलला नाही तर डोळ्याला दिसतं; इथे पाणी गेलं की नाही हे डोळ्याला दिसत नाही, आणि दिसेपर्यंत पिस्टनच्या कडा खाल्लेल्या असतात. म्हणून ट्यूनरचा प्रश्न थोडा पुढे नेऊन बघू.

नुसत्या दाबावर भरवसा ठेवला तर काय काय निसटतं? टाकी रिकामी झाली तर पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. हे दोघांनाही दिसेल. पंपाच्या जवळ नळी सुटली तर दाब पडेल, तेही दिसेल. पण नळी नोझलच्या अगदी जवळ, व्हॉल्व्हच्या पुढे सुटली तर? भोकाऐवजी उघडं तोंड, दाब थोडासाच खाली, पाणी मात्र भरपूर, आणि ते जातंय इंजिनबेमध्ये. चोंदलेल्या नोझलचं वर आलंच. म्हणजे दाब हा पुरावा फक्त पंप आणि टाकी ठीक असल्याचा आहे. पाणी इंजिनात पोचल्याचा तो पुरावा नाही. त्यासाठी प्रवाह मोजावा लागतो, आणि तोही रेग्युलेटरच्या फाट्यानंतर, नोझलकडे जाणाऱ्या नळीत. छोट्या टर्बाइनचा फ्लो सेन्सर तिथे बसतो. त्याचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला किंवा जास्त आला, दोन्ही वेळेस ईसीयूने बूस्ट टर्बोला आवरणाऱ्या वेस्टगेटच्या मूळ स्प्रिंगवर आणून ठेवला पाहिजे.

काका : मग तुझा मुद्दा माझ्या विरुद्ध नाही. प्रेशर मी धरतो, फ्लो तू बघ.

ट्यूनर : फ्लो बघायचाच असेल तर प्रेशर धरायचं कशाला? फ्लो कमी दिसला की पंप वाढवीन. क्लोज्ड लूप.

काका : आणि नोझल अर्धं चोंदलं असलं तर तुझा लूप पंप वाढवत जाईल, 12 बार, 15 बार, आकडा पूर्ण भरेल आणि तुला कळणारच नाही की नोझल मरतंय. एक गोष्ट स्थिर ठेव, म्हणजे दुसरी हलली की कारण सापडतं. दोन्ही हलत राहिल्या तर तू नुसता आकडे जुळवत बसशील.

इथे मी काकांच्या पारड्यात वजन टाकतो. बिघाड शोधायचा असेल तर एक खुंटी पक्की हवी. दाब स्थिर असेल आणि व्हॉल्व्ह किती वेळ उघडा होता ते माहीत असेल, तर किती पाणी जायला हवं होतं हे आधीच सांगता येतं. फ्लो सेन्सरचा आकडा त्याच्याशी ताडून बघता येतो. पंपाच्या वेगावर चालणाऱ्या पद्धतीत जायला हवं होतं तो आकडाच व्होल्टेज, तापमान आणि डायफ्रॅमचं वय यांवर डोलत असतो, मग ताडून बघायचं कशाशी?

एक राहिलंच. नोझल थ्रॉटलच्या पुढे बसवलं असेल तर पेडल सोडल्यावर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो आणि तो नळीतलं पाणी स्वतःच ओढतो. टाकी डिकीत, नोझलपेक्षा उंचावर असली तर पाणी नुसत्या वजनानेही झिरपत राहतं. उतारावर उभ्या गाडीत रात्रभर थेंब-थेंब पाणी गेलं आणि सकाळी स्टार्टर मारला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पंप बंद असताना रेग्युलेटर, स्प्रिंग, स्विच यांपैकी कुणीही इथे मदतीला येत नाही. नोझलजवळचा बंद राहणारा व्हॉल्व्ह हाच उपाय. ट्यूनरच्या तीन वस्तूंच्या पद्धतीत तो नव्हता. काकांनी तो फक्त बोट ठेवून दाखवला. त्यावर ट्यूनरने वाद घातला नाही.

ट्यूनर : एक विचारू? एवढं सगळं करून पाणी संपलं आणि मालकाने भरलंच नाही तर?

त्याचं उत्तर 1962 सालीच मिळालेलं आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बो गाडी काढली. कॉम्प्रेशन 10.25, त्यावर टर्बो, आणि नॉकिंग आवरायला डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण, ज्याला कंपनीने मोठ्या थाटात टर्बो रॉकेट फ्लुइड असं नाव दिलं होतं. बाटली रिकामी झाली की ताकद आपोआप कमी होईल अशी व्यवस्थाही होती. मालक बाटली भरत नसत आणि गाडी चालत नाही म्हणून तक्रार करत. गाडी 1963 नंतर बंद झाली आणि पुढे कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो काढून तिथे साधे कार्बोरेटर बसवून दिले. यंत्र चुकलं नव्हतं, माणसाच्या सवयीचा हिशोब चुकला होता. एम4 जीटीएसमध्येही पाणी संपलं की इंजिन स्वतःला आवरतं, आणि ट्रॅकवर ती गाडी पळवणाऱ्याला पेट्रोलबरोबर पाणीही भरावं लागतं.

काका : म्हणजे दाबाचं भांडण सुटलं तरी टाकीचं सुटत नाही.

ट्यूनर : टाकीत लेव्हल स्विच आहे.

काका : स्विच आहे रे. तो बघायला ईसीयूला सांगितलंयस का?

सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं.

मला विचाराल तर, जास्त ताकद काढण्यासाठी पाण्यावर ट्यून उभा करायचा असेल, तर काकांचा 10 बारचा रेग्युलेटर, नोझलपाशी व्हॉल्व्ह आणि ट्यूनरचा फ्लो सेन्सर, यातलं एकही गाळू नका. बूस्टची नळी गाळा, चालेल. आणि नुसती उन्हाळ्यातली गरमी मारायची असेल, मॅप कंपनीचाच ठेवायचा असेल, तर एवढा पसारा नको: लहान नोझल, ठरावीक बूस्टला सुरू-बंद होणारा पंप आणि नोझलआधी बंद राहणारा व्हॉल्व्ह एवढं पुरे, कारण पाणी थांबलं तरी इंजिन मूळ हिशोबावरच चाललेलं असतं. दोन्हींच्या मधला रस्ता, म्हणजे पाण्यावर उभा केलेला मॅप आणि पाणी गेलं की नाही हे नुसत्या प्रेशर गेजवरून ठरवणं, तो घेऊ नका. आणि काही उघडण्याआधी दोन कागद वाचा: गाडीची वॉरंटी आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52. उत्पादकाच्या मूळ नोंदीशी न जुळणाऱ्या फेरफारांना ते आडवं येतं.